डझनाच्या भावात: स्टॉपवॉच, बारा मुलं आणि लिलियनबाई

‘चीपर बाय द डझन’ म्हटलं की आपल्यातल्या बहुतेकांना स्टीव्ह मार्टिन आठवतो. २००३ चा सिनेमा, फुटबॉल कोच बाप आणि घरभर धुडगूस घालणारी बारा पोरं. रविवारची फीस्ट हादडून झाल्यावर आडवं पडून बघायला तो ठीकच आहे. पण त्याच नावाचा एक जुना सिनेमा आहे, १९५० चा, आणि निदान आपण इंजिनीयरिंगवाल्यांनी तरी तो बघायलाच हवा. कारण त्यातला बाप कोच वगैरे नाही, तो चक्क आपल्या सिलॅबसमध्ये आहे! वर्क स्टडीच्या पेपरला ‘थर्ब्लिग म्हणजे काय? कोणतेही पाच स्पष्ट करा’ असा हक्काचा प्रश्न येतो ना, तो ज्याच्या कृपेने येतो तोच हा माणूस. फ्रँक बंकर गिलब्रेथ. आडनाव इंग्रजीत उलटं लिहा (शेवटची दोन अक्षरं मात्र जोडीनेच ठेवा), थर्ब्लिग तयार. स्वतःचं नाव असं उलटं करून जगभरच्या विद्यार्थ्यांच्या डोक्यावर मारणारा दुसरा शास्त्रज्ञ माझ्या तरी माहितीत नाही.

मी प्रॉडक्शनचा विद्यार्थी. हा सिनेमा मी आधी गंमत म्हणून बघितला, मग त्यामागचं पुस्तक वाचलं, आणि मग या कुटुंबाची खरी हकीकत वाचत गेलो. जसजसं वाचत गेलो तसतसं वाटू लागलं की सिनेमात जे हसून सोडून दिलंय तेच जास्त महत्त्वाचं आहे. ते सांगावं म्हणून हा लेखप्रपंच.

घर की कारखाना?

गोष्ट १९२० च्या दशकातली आहे. न्यू यॉर्कपासून रेल्वेने सहज जाण्यासारखं न्यू जर्सीतलं माँटक्लेअर हे छोटं, सुखवस्तू गाव. तिथल्या एका ऐसपैस घरात राहायला येतो फ्रँक गिलब्रेथ, सोबत बायको लिलियन आणि पोरांची पलटण. फ्रँकचा धंदा कारखान्यांना कार्यक्षमता शिकवण्याचा. आणि जे कारखान्यात चालतं ते घरात का चालू नये, हा त्याचा सरळ हिशोब.

तो शिट्टी मारतो. घरात असतील तिथून पोरं धावत सुटतात आणि रांगेत उभी राहतात. बाप हातात स्टॉपवॉच घेऊन किती सेकंद लागले ते बघतो! आमच्या रेक्टरांनी हा सिनेमा बघू नये एवढीच प्रार्थना.

दिग्दर्शक वॉल्टर लँग, निर्मिती ट्वेंटिएथ सेंचुरी फॉक्सची, रंगीत टेक्निकलर. बापाच्या भूमिकेत क्लिफ्टन वेब, आईच्या भूमिकेत मर्ना लॉय, थोरली मुलगी ॲन झालीये जीन क्रेन. खरा गिलब्रेथ होता अंगाने चांगला भरदार, आणि वेब म्हणजे सडपातळ, कडक इस्त्रीचा माणूस. पण वेबने जो तोरा दाखवलाय, ‘मी सांगतो तीच जगातली एकमेव बरोबर पद्धत’ असा, त्याला तोड नाही.

सिनेमाला पारंपरिक अर्थाने कथानक असं फारसं नाही. लहान गावातल्या मोठ्या कुटुंबात जे घडतं ते सगळं एकामागून एक घडत जातं. मुलांचे टॉन्सिल्स काढायचे ठरतात, तर बाप म्हणतो एकदमच सगळ्यांचे काढू, आणि ऑपरेशनची फिल्म घेऊन सर्जनच्या हालचालींचा अभ्यास करू. (पुस्तकात पुढची गंमत अशी की कॅमेरावाला लेन्सवरचं झाकण काढायलाच विसरतो. प्रॅक्टिकल करून रीडिंगच घेतलं नाही, असा प्रकार.) कुटुंबनियोजनाचा प्रचार करणाऱ्या एक बाई लिलियनला शाखेचं काम घेण्याची गळ घालायला येतात. त्यांना कुणीतरी मुद्दाम या घरी धाडलेलं असतं. फ्रँक शांतपणे शिट्टी मारतो, आणि बाईंच्या डोळ्यांदेखत जिन्यावरून, बागेतून, कुठून कुठून पोरं येतच राहतात. बाईंचा चेहरा बघण्यासारखा होतो.

सिनेमाचं नावही अशाच एका प्रसंगावरून आलंय. सिग्नलला गाडी थांबली की कुणीतरी विचारायचंच, एवढी पोरं कशी हो? मग बाप खूप विचार केल्यासारखं दाखवायचा, आणि हिरवा दिवा लागताच सांगायचा की डझनाच्या भावात स्वस्त पडतात, आणि गाडी हाकायचा.

हे सगळं आलंय ते फ्रँक ज्युनिअर आणि अर्नेस्टिन या गिलब्रेथांच्याच दोन मुलांनी १९४८ साली लिहिलेल्या पुस्तकातून. पुस्तकात तर खजिना आहे. बाप दोन ब्रशांनी फेस लावून दाढीची सतरा सेकंदं वाचवायचा. दोन वस्तऱ्यांनी दाढी करून चव्वेचाळीस सेकंदं वाचली, पण कापलेल्या गळ्याला पट्टी लावण्यात दोन मिनिटं गेली, म्हणून तो प्रयोग बंद. जाकिटाची बटणं खालून वर लावली तर तीन सेकंद, वरून खाली लावली तर सात.

मला सगळ्यात आवडलेला किस्सा टेंडरचा. घरातली जादा कामं मुलांना बोली लावून दिली जायची, सीलबंद निविदा, कमी दराला काम. आठ वर्षांच्या लिलने लांबलचक कुंपण रंगवायची बोली लावली सत्तेचाळीस सेंट! काम मिळालं, आणि मग दहा दिवस ती रंगवतच राहिली. हाताला फोड आले, रडू यायचं. आई म्हणाली सोडून दे तिला, बाप म्हणाला करार म्हणजे करार. शेवटी काम पूर्ण झालं, पैसे मिळाले, आणि बापाने तिच्या उशीखाली आणखी एक पुडकं ठेवलेलं निघालं. ती ज्यासाठी पैसे जमवत होती ते रोलर स्केट्स त्यात होते. सिव्हिलच्या मित्रांनी एल-वन टेंडर भरताना हा किस्सा आठवावा.

गवंड्याचं वाकणं

आता हा माणूस असा का झाला ते बघू. कारण तो वेडा नव्हता, फक्त त्याला एक गोष्ट दिसली जी इतरांना दिसत नव्हती.

फ्रँकचा जन्म १८६८ चा. कॉलेजला न जाता सतराव्या वर्षी तो गवंड्याच्या हाताखाली शिकाऊ म्हणून लागला. तिथे त्याच्या लक्षात आलं की शिकवणारे गवंडी वीट रचायच्या दोन-तीन वेगवेगळ्या पद्धती वापरतात. सावकाश काम करताना एक, घाईत दुसरी आणि नवख्याला शिकवताना तिसरीच! मग यातली बरोबर कुठली?

त्याने हालचाली मोजल्या. एक वीट रचायला अठरा हालचाली. त्यातली सगळ्यात महागडी कुठली? वाकणं. विटा पायाशी पडलेल्या, मालही पायाशी. दोन-अडीच किलोची वीट उचलायला गवंडी प्रत्येक वेळी कंबरेवरचं स्वतःचं निम्मं शरीर खाली नेतो आणि वर आणतो. दिवसाला हजार वेळा. म्हणजे भिंत बांधायला लागणारी बहुतेक ताकद विटेवर खर्चच होत नाही, स्वतःलाच उचलण्यात जाते.

गिलब्रेथने परांचीच बदलली. भिंत वाढेल तशी वर घेता येणारी परांची केली, तिच्यावर विटा आणि माल हाताच्या उंचीला ठेवायची सोय केली. विटा निवडून, चांगली बाजू वर करून, चौकटीत लावून ठेवायचं काम बिगाऱ्याकडे दिलं, म्हणजे गवंड्याने वीट हातात फिरवून बघायला नको. माल इतपत सैल ठेवला की वीट हाताने दाबली तरी बसावी, थापीने ठोकावी लागू नये. एका हाताने वीट आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताने माल. अठराच्या पाच हालचाली झाल्या, आणि तासाला एकशेवीस विटांच्या जागी साडेतीनशे विटा लागू लागल्या.

इथे एक क्षण थांबा. गवंडी तिप्पट वेगाने हात हलवत नव्हता. उलट संध्याकाळी तो कमी दमलेला असायचा. गिलब्रेथचा सगळा मुद्दा हाच आहे, आणि सिनेमातल्या स्टॉपवॉचच्या विनोदात तो हरवून जातो.

थर्ब्लिग, पाच मार्कांसाठी आणि त्यानंतरसाठी

पुढे लिलियन आणि त्याने मिळून हालचाली आणखी बारीक तोडल्या. हाताने होणारं कुठलंही काम त्यांनी सतरा मूळ घटकांत बसवलं (पुढे एक वाढून अठरा झाले). सबमिशनच्या आदल्या रात्रीचं टेबल डोळ्यांपुढे आणा. पसाऱ्यात पेन्सिल शोधणं, हा एक थर्ब्लिग. ती सापडणं, दुसरा. दोन पेन्सिलींतली टोक असलेली निवडणं, तिसरा. रिकामा हात तिच्यापर्यंत नेणं, पकडणं, भरला हात कागदापर्यंत आणणं, नीट धरणं, मग वापरणं, आणि शेवटी सोडणं. या नवांपैकी शीटवर रेघ कधी उमटते? फक्त ‘वापरणं’ चालू असताना. शोधणं, सापडणं आणि निवडणं हे तिन्ही, पेन्सिलीची जागा ठरलेली असेल तर आपोआप गळून पडतात. पेनस्टँडमध्ये पेन तिरकं, हातात येईल असं उभं असतं त्याला ‘आधीच नीट ठेवणं’ म्हणतात, तोही एक थर्ब्लिगच. एवढं कळलं की पाठांतराची गरज नाही, टेबलाकडे बघून उत्तर लिहिता येतं.

डोळ्याला न दिसणाऱ्या या हालचाली पकडायला त्यांनी सिनेमाचा कॅमेरा वापरला, १९१२ पासून. तेव्हाचा कॅमेरा हाताने फिरवायचा, त्यामुळे वेग कमीजास्त व्हायचा आणि फ्रेम मोजून वेळ काढता यायची नाही. यावर तोडगा सोपा आणि झकास: कामगाराच्या शेजारी, फ्रेममध्येच एक मोठं घड्याळ ठेवायचं, मिनिटाचा दोन-हजारावा भाग दाखवणारं. मग कॅमेरा कसाही फिरू दे. इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांना हे ऐकून बरं वाटेल. शिवाय हाताला छोटा दिवा बांधून, लांब एक्स्पोजर देऊन हालचालीचा मार्ग फोटोत उमटवायचा आणि त्यावरून तारेची प्रतिकृती करायची, हेही त्यांनी केलं. ऑपरेशन थिएटरमध्ये सर्जनने हात पुढे करावा आणि नर्सने योग्य ते हत्यार हातात द्यावं, ही पद्धत गिलब्रेथने सुचवली होती. पहिल्या महायुद्धानंतर हात-पाय गमावलेल्या सैनिकांना काम करता यावं म्हणूनही या जोडीने हालचालींचा अभ्यास वापरला.

वाचलेला वेळ कुणाचा?

पण हे सगळं इतकं गोड नाही. त्याच काळात फ्रेडरिक टेलरही स्टॉपवॉच घेऊन कारखान्यांत फिरत होता. टेलरने १९११ च्या आपल्या पुस्तकात गिलब्रेथच्या विटांचं भरपूर कौतुक केलंय. पुढे मात्र दोघांचं फाटलं. टेलरचा भर वेळेवर, कामाला किती मिनिटं लागायला हवीत ते ठरवण्यावर. गिलब्रेथांचं म्हणणं, आधी पद्धत सुधारा आणि थकवा कमी करा, वेळ आपोआप कमी होईल. १९१६ साली त्यांनी थकव्यावरच एक स्वतंत्र पुस्तक काढलं. कामगारांना मात्र घड्याळवाले सगळे सारखेच दिसायचे, आणि त्यांचं चुकत होतं असं म्हणवत नाही. १९११ मध्ये वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्र कारखान्यात स्टॉपवॉचवरूनच संप झाला, अमेरिकी काँग्रेसने चौकशी केली, आणि पुढे सरकारी शस्त्र कारखान्यांत अशा वेळ-अभ्यासावर बंदी आली.

इनप्लांट ट्रेनिंगला मी असाच एका कारखान्यात हातात घड्याळ आणि क्लिपबोर्ड घेऊन उभा होतो. प्रेसवर काम करणारे एक काका, नोकरीची पंचवीसेक वर्षं झालेले. त्यांनी माझ्याकडे न बघताच विचारलं, “लाव बाळा घड्याळ, लाव. फक्त एवढं सांग, वाचलेला वेळ कुणाच्या खात्यात जमा होतो?” माझ्या फॉरमॅटमध्ये तो रकाना नव्हता. पुस्तकातही नाही.

गिलब्रेथला हा प्रश्न सुचला होता. एवढा वेळ वाचवून करायचं काय, असं कुणी विचारलं तर तो म्हणे की ज्याला जे आवडतं त्यासाठी, काम आवडत असेल तर काम, नाहीतर शिकणं, कला, मजा, अगदी पोरांचा खेळसुद्धा. उत्तर छान आहे. पण ते लागू होतं तेव्हाच, जेव्हा वाचलेला वेळ ज्याचा वाचला त्याच्याच हातात राहतो. भारतात वर्क स्टडी शिकवायला आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या मदतीने १९६३ साली मुंबईत नीटी ही संस्था निघाली (२०२३ पासून ती आयआयएम मुंबई झाली). तेव्हापासून आपल्याकडे हा विषय शिकून बाहेर पडलेले कितीतरी इंजिनीयर झाले, आपणही होऊ. काकांचा रकाना मात्र आपल्यालाच वाढवावा लागेल.

फ्रेमच्या कडेला उभी असलेली आई

आता त्या गोष्टीकडे येतो जिच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. सिनेमात मर्ना लॉय गोड हसते, नवऱ्याच्या विक्षिप्तपणावर पांघरूण घालते, मुलांना जवळ घेते. बघणाऱ्याला वाटतं, बाप शास्त्रज्ञ आणि आई म्हणजे आई. खरी लिलियन मोलर गिलब्रेथ काय होती ते ऐका.

१८७८ चा जन्म, कॅलिफोर्नियातल्या ओकलंडचा. १९०४ मध्ये लग्न. पुढच्या अठरा वर्षांत बारा मुलं. आणि त्याच अठरा वर्षांत, १९१५ साली, ब्राउन विद्यापीठाची मानसशास्त्रातली पीएचडी! व्यवस्थापनाच्या मानसशास्त्रावरचं तिचं पुस्तक १९१४ मध्ये निघालं तेव्हा प्रकाशकाने नावाची फक्त आद्याक्षरं छापली, लेखक बाई आहे हे वाचकाला कळू नये म्हणून. फ्रँकला वीट आणि हात दिसायचे. त्या हातामागचा माणूस कंटाळतो, दमतो, त्याला विचारलं तर तो स्वतःच चांगली पद्धत सुचवतो, हे या कामात आणलं लिलियनने.

सिनेमाने आणखी एक गोष्ट वगळलीये. बाराही मुलं एका टेबलावर कधी बसलीच नाहीत. मेरी नावाची मुलगी १९१२ मध्ये घटसर्पाने गेली, पाच वर्षांची असताना, आणि शेवटचं अपत्य जेन जन्मली १९२२ मध्ये. ‘डझन’ हा शब्द ऐकताना त्या आईला काय वाटत असेल, कोण जाणे.

१४ जून १९२४. फ्रँक युरोपला निघायच्या तयारीत होता, लंडन आणि प्राग इथे परिषदा होत्या. माँटक्लेअरच्या स्टेशनवरून त्याने घरी फोन लावला, आणि बोलता बोलता तिथेच हृदयविकाराने गेला. वय पंचावन्न. सेकंद वाचवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला एवढाच वेळ मिळाला. विनोदी सिनेमा इथे अचानक गप्प होतो. मुलं जमतात, आई त्यांना विचारते. एक मार्ग म्हणजे घर मोडून कॅलिफोर्नियाला आजोळी जायचं. दुसरा म्हणजे आईने बाबांचं काम पुढे न्यायचं आणि सगळ्यांनी घर सांभाळायचं. ठरतं दुसरं. काही दिवसांतच लिलियन बोटीत बसली आणि युरोपात फ्रँकच्या जागी उभी राहिली.

सिनेमा तिथे संपतो. तिची खरी गोष्ट तिथे सुरू होते. अकरा मुलं, थोरली कॉलेजात आणि धाकटी दोन वर्षांची. बाईकडून इंजिनीयरिंगचा सल्ला कोण घेणार, म्हणून फ्रँकच्या कित्येक गिऱ्हाइकांनी पाठ फिरवली. तिने घरातच मोशन स्टडीचे वर्ग सुरू केले. कारखाने दार उघडत नाहीत ना, मग तिने असा कारखाना निवडला जिथे बाईला कुणी अडवत नाही: स्वयंपाकघर. ओट्याची उंची बाईच्या उंचीनुसार हवी, शेगडी आणि काम करायची जागा लागून हवी, भांडी हाताशी हवीत, हे तिने मोजून दाखवलं. १९२९ मध्ये ब्रुकलिनच्या गॅस कंपनीसाठी तिने आदर्श स्वयंपाकघर मांडलं. अशाच एका चाचणीत केक करायला लागणारी पावलं दोनशे एक्क्याऐंशीवरून पंचेचाळीसवर आली. गंमत म्हणजे तिला स्वतःला स्वयंपाक धड येत नव्हता, घरी स्वयंपाकी होता! विटांसाठी जे नवऱ्याने केलं तेच तिने केकसाठी केलं. वाकणं काढून टाकलं.

१९३५ मध्ये पर्ड्यू विद्यापीठात ती प्राध्यापक झाली, आणि अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ इंजिनीयरिंगवर निवडून आलेली पहिली स्त्री तीच, १९६५ साली. अकराही मुलं कॉलेज शिकली. ती गेली १९७२ मध्ये, त्र्याण्णव वर्षांची होऊन. तिच्या या झगड्यावर ‘बेल्स ऑन देअर टोज’ नावाचा दुसरा भाग १९५२ मध्ये निघाला, त्यातही मर्ना लॉयच आहे. पहिला बघितलात तर हाही बघा, नाहीतर हिशोब अर्धाच राहील.

वर्क स्टडीच्या पुस्तकांत ‘गिलब्रेथ’ एवढंच लिहिलेलं असतं आणि आपण ओरलला ‘सर, त्याने शोध लावला’ असं ठोकून देतो. पुढच्या वेळी ‘त्यांनी’ म्हणा, अनेकवचन.

आणि सुट्टीत घरी गेलात की एक प्रॅक्टिकल करा. सकाळी पोळ्या चालू असताना स्वयंपाकघराच्या दारात बसा आणि आई डब्यापासून ओट्यापर्यंत, ओट्यापासून फ्रिजपर्यंत किती पावलं टाकते, किती वेळा वाकते ते मोजा. ओट्याची उंची बांधताना तिला विचारून ठरवली होती का, तेही विचारा. एखादा डबा खालच्या फळीवरून वर आणून ठेवता आला तरी पुरे. वाचलेल्या वेळाचं काय करायचं ते तिचं तिला ठरवू द्या.